रिकामं ठेवायचं तळं

"तळ्यावर बदकं आलीत गं," मामा फोनवर म्हणाला. "थवाच्या थवा. मामीला वाटलं, कुणाची तरी पाळलेली सुटून आली की काय."

धाकटीने फोन कान आणि खांद्याच्या मधे धरला होता आणि दोन्ही हातांनी ती उद्याच्या पावसाचे आकडे संगणकात भरत होती. वेधशाळेने सकाळीच इशारा दिला होता, दोन दिवसांत मोठं वादळ येणार म्हणून. तिचे हात थांबले.

"कुठल्या तळ्यावर?"

"कुठल्या म्हणजे? आपल्याच. तुझ्या."

"मामा, आपलं तळं कोरडं असतं. त्यात बदकं काय करतील?"

मामा हसला. "कोरडं कुठलं! काठाला टेकलंय. झाले की दोन-अडीच महिने. तूच सांगितलंस ना, भरून ठेवलं तरी चालतं म्हणून?"

समोरच्या पडद्यावर एक चौकट तिची वाट बघत उघडी होती. पाऊस सुरू होण्याआधी तळ्यात किती पाणी आहे, ते तिथे लिहायचं होतं. सवयीने तिने शून्य लिहिलं होतं.

चाळिशी उलटली तरी मामाच्या घरी ती धाकटीच होती. थोरली बहीण लग्न करून लांब निघून गेली, आई गेली, तरी नाव तेच राहिलं. वडील वारले तेव्हा ती इतकी लहान होती की त्यांचा चेहरा तिला फोटोतलाच आठवायचा. आई दोन्ही मुलींना घेऊन भावाच्या दारात आली आणि मामाने एका शब्दाने काही न विचारता मागची खोली रिकामी करून दिली. मामाची रोपवाटिका होती. फळझाडांची कलमं बांधण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. झाडाच्या दोन जखमा एकमेकींना लावून बांधायच्या आणि त्यांनी एकमेकींना आपलं म्हणेपर्यंत वाट बघायची, एवढंच आपलं काम, असं तो म्हणायचा.

त्याचं घर गावाच्या खालच्या आळीत, ओढ्याच्या अंगाला. दर काही वर्षांनी ओढा आळीत शिरायचा. लहानपणी एकदा दोघी बहिणींना टेबलावर, टेबलावरच्या खुर्चीत बसवलेलं तिला स्वच्छ आठवत होतं. मांडीवर दप्तरं, खाली घरातून वाहत जाणारं गढूळ पाणी, आणि मामी पिठाचा डबा डोक्यावर धरून दारात उभी. पाणी ओसरल्यावर तिने मामाला विचारलं होतं, एवढं पाणी आलं कुठून? मामा म्हणाला, वरून. वरून म्हणजे कुठून, हे शोधण्यातच तिचा जन्म गेला म्हणायला हरकत नाही.

आता ती शहरात जलविभागात नोकरीला होती. एका ओढ्याला जेवढ्या मुलखाचं पाणी मिळतं, तो सगळा मुलूख, म्हणजे त्याचा पाणलोट, ती संगणकात उभा करायची. कुठे खडक, कुठे गवत, कुठे घरं, कुठे तळी. मग त्या मुलखावर कागदोपत्री पाऊस पाडायचा आणि पाणी कुठून, किती जोराने खाली येतं ते बघायचं. विभागात तिला पावसाच्या बाई म्हणत. स्वतःच्या दोन खोल्यांतला नळ वर्षभर गळतोय आणि बाई जगाचं पाणी मोजतायत, असं कुणीतरी चिडवलं की ती हसायची, कारण ते खरंच होतं.

तिला हे काम शिकवलं सरांनी. कॉलेजात ते शिकवायला होते. पुढे विभागाचे प्रमुख झाले आणि येताना तिला घेऊन आले. ते पहिल्याच तासाला जे म्हणाले होते ते तिने नंतर कितीतरी नव्या मुलांना सांगितलं. पाऊस किती पडला ते कुणीही सांगेल, तो सुरू झाला तेव्हा जागा किती शिल्लक होती ते मला सांगा. मातीत जागा, डबक्यात जागा, तळ्यात जागा. पूर म्हणजे नुसता पाऊस नाही, जागा न मिळालेलं पाणी म्हणजे पूर. धाकटीला वडील दोन मिळाले असं मामीच म्हणायची, एक घरचा आणि एक दारचा.

गावाच्या वरच्या अंगाला एक मोठी खोलगट जागा होती. तिथे बांध घालायचा आणि खाली लोखंडी दार ठेवायचं. एरवी ओढा त्यातून आपला वाहत राहील, तळं कोरडं. वादळात मात्र सगळं पाणी आधी त्या खोलगटात येईल आणि दारातून बेताबेताने खाली जाईल. खालच्या आळीत पाणी शिरणार नाही. ही कल्पना तिची. सरांनी ती उचलून धरली, वर जाऊन भांडून मंजूर करून आणली. अडचण एकच होती. ती खोलगट जागा म्हणजे गावातली सगळ्यात कसदार माती, आणि तिच्यातला मोठा तुकडा मामाचा. रोपवाटिका तिथेच होती.

शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली तेव्हा धाकटी पहिल्यांदाच आपल्या गावासमोर बोलायला उभी राहिली. आलेख दाखवायला आणलेला पडदा तिने गुंडाळून ठेवला आणि म्हणाली, "छप्पर गळत असेल तर आपण खाली भांडं ठेवतो. ते भांडं रिकामं असेल तरच उपयोग. आधीच भरलेलं ठेवलं, तर थेंब न् थेंब जमिनीवर. हे तळं म्हणजे ते भांडं. ते रिकामं ठेवायचं."

मागून निवृत्त पोस्टमनने हात वर केला. म्हणाला, सरकारी कचेरीत खुर्ची रिकामी दिसली तरी कुणीतरी येऊन बसतं, एवढं मोठं तळं रिकामं कोण ठेवणार? हॉल हसला. धाकटीने सरांकडे बघितलं. सर उठले. फार बोलले नाहीत. म्हणाले, "माझा शब्द आहे."

मग मामा उठला. आपली जमीन देतो म्हणाला. कारणही त्याने चारचौघांत सांगितलं, "माझ्या धाकटीनं गणित केलंय. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. पण पोरगी कळते." मामाने दिली म्हणून शेजाऱ्याने दिली, शेजाऱ्याने दिली म्हणून त्याच्या भावाने. रोपवाटिका मामाने घरामागे हलवली, खालच्या आळीत. आता तिथे पाणी येणार नव्हतं. ज्यांच्यापासून तो कलमं काढायचा ती जुनी झाडं मुळांसकट उचलून आणायला त्याला एक अख्खा हंगाम लागला. एक झाड दगावलं. तेवढे दिवस तो जेवताना बोलायचा नाही.

हे सगळं होऊन काही वर्षं झाली होती. मधे एक मोठा पाऊस येऊन गेला आणि तळ्याने तो गिळला. आळीत लोकांनी घरांना खोल्या वाढवल्या, दवाखाना खाली आला. धाकटी सुट्टीला मामाकडे जायची, पण तळ्यावर जाऊन बघायचं मनातच आलं नाही. नंतर कामाच्या रेट्यात जाणंही सुटलं. फोन मात्र अधूनमधून व्हायचा.

आता फोनवर तिने मामाला विचारलं, भरून ठेवलं तरी चालतं असं मी म्हणाले, हे तुला कुणी सांगितलं?

"तुझ्या सरांनीच. आले होते की गावात, सभा घेतली. शहराला पाणी कमी पडतंय, थोडे दिवस तळ्यात साठवू म्हणाले. पोस्टमननं विचारलंच, रिकामं ठेवायचं ठरलं होतं ना? तर म्हणाले, तुमच्या भाचीनंच गणित करून दिलंय, भरलेलं असलं तरी फारसा फरक पडत नाही. मग काय बोलणार कोण. का गं?"

ती म्हणाली, नंतर करते फोन.

शून्य खोडून तिने तळं भरलेलं आहे असं लिहिलं आणि पुन्हा गणित लावलं. उत्तर यायला फार वेळ लागला नाही. तळं नसतं तर आळीत जेवढं पाणी शिरलं असतं, जवळजवळ तेवढंच आता शिरणार होतं. फरक एवढाच की तळं नव्हतं तेव्हा लोक सावध असायचे.

सर खोलीतच होते. तिला बघून त्यांनी समोरची खुर्ची दाखवली. ती बसली नाही. तिने विचारलं आणि त्यांनी लपवलं नाही. यंदा उन्हाळ्यात शहराचं पाणी संपत आलं होतं, वरून दडपण होतं, हाताशी असलेलं एकमेव रिकामं तळं ते होतं. तुला सांगितलं असतं तर तू अडून बसली असतीस, ते म्हणाले, आणि तुला अडून बसायला जमतं, मला जमत नाही, माझ्या डोक्यावर माणसं आहेत. त्यांच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता, आणि तो खोटा नव्हता.

"माझं नाव घेतलंत तुम्ही," ती म्हणाली.

"गणित तूच केलं होतंस ना? भरलेल्या तळ्याचं?"

तेव्हा तिला आठवलं. मागच्या थंडीत एका दुपारी सर तिच्या टेबलाशी आले होते, दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन. एवढे मोठे साहेब, पण तिच्यासाठी चहा स्वतः आणायचे. सहज म्हणाले, एक गंमत करून बघ, तळं भरलेलं असताना नेहमीचा पाऊस पडला तर काय होतं? तिने चहा पिता पिता करून बघितलं. नेहमीच्या पावसात ओढा काठ सोडतच नाही, तळं भरलेलं असो की रिकामं. फारसा फरक पडत नाही, ती म्हणाली होती. सर म्हणाले होते, छान. आणि कप स्वतःच उचलून घेऊन गेले होते.

"तो साधा पाऊस होता, सर. तुम्हाला माहीत आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला.

तिने तो विषय सोडला. लोखंडी दार आत्ता उघडलं तर वादळ येईपर्यंत तळं निम्मं रिकामं होईल, तिने सांगितलं. पाणी मग उंबऱ्यापर्यंत येईल, आत येणार नाही. हवं तर गणित दाखवते. सरांनी ते बघितलं, नीट बघितलं, शिकवायचे तेव्हा बघायचे तसं बोट ठेवून. मग म्हणाले, यंदा वेधशाळेचा इशारा दोनदा फसलाय. एवढं पाणी मी ओढ्यात सोडलं आणि पाऊस आला नाही तर शहराला काय सांगू? संध्याकाळपर्यंत थांबू. वर विचारतो.

संध्याकाळी सर मीटिंगला गेले होते. त्यांचा फोन बंद होता. ती खोलीबाहेरच्या बाकावर शिपाई कुलूप लावेपर्यंत बसून राहिली.

सकाळी आभाळ अंगावर आल्यासारखं खाली उतरलं होतं. सरांचा फोन लागला, त्यांनी उचलला नाही. तिने तळ्याच्या राखणदाराला फोन केला. तो भला माणूस होता. म्हणाला, मॅडम, मला दिसतंय सगळं, पण दार उघडायच्या चाकाला कुलूप आहे आणि किल्ली साहेबांनी मागून घेतली. मग तिने मामाला फोन केला.

"मामा, आळीतल्या सगळ्यांना बाहेर काढ. वर शाळेत ने. आत्ताच्या आत्ता."

"अगं पण तळं आहे ना?"

"भरलेलं आहे. ते नसल्यातच जमा आहे."

मागे मामी कुणाशी तरी बोलत होती.

"मग सर म्हणाले ते?"

"मी तसं म्हटलं नव्हतं, मामा."

"म्हणजे सर खोटं बोलले?"

हो, एवढंच म्हणायचं होतं. ते अक्षर तिच्या ओठांवर आलंही. पण ज्या माणसाने तिला बोलायला, विचारायला, कुणाच्याही तोंडावर खरं सांगायला शिकवलं, त्याला खोटारडा म्हणायला तिची जीभ उचलेना. "आधी लोकांना हलव," ती म्हणाली. "मग बोलू."

मामाने फोन ठेवला. बरं, असंसुद्धा म्हणाला नाही.

तिने पहिली मिळाली ती बस पकडली. निम्म्या वाटेत पावसाने गाठलं. असा पाऊस की चालकाला काचेतून दिसेना, वाहक दारात उभा राहून त्याला रस्ता सांगत होता. गावाच्या अलीकडच्या पुलाशी बस थांबली. पूल दिसत होता, पण त्याच्यावरून जायची सोय उरली नव्हती. धाकटी उतरली आणि कठड्याशी जाऊन उभी राहिली. भर दुपार असून दिवेलागणीची वेळ वाटत होती. पाणी तपकिरी, जाड, आणि आवाज असा की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. त्या पाण्यावरून काळ्या पिशव्यांमधली रोपं येत होती. एक, मग चार, मग ओळीच्या ओळी. काही उभीच्या उभी तरंगत होती, पानंसुद्धा ओली न झालेली, कुणीतरी नीट मांडून पाठवून दिल्यासारखी.

माणूस एकही गेला नाही. मामाने दारोदार जाऊन आळी रिकामी केली होती. पोस्टमनला तर त्याने पाठुंगळी नेलं. म्हातारा वाटभर तक्रार करत होता, माझी छत्री राहिली म्हणून. पण घरं गेली. दवाखान्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ माणसाच्या डोक्याच्या वर उमटली. घरामागची जुनी झाडं, ज्यांच्यापासून मामाने आयुष्यभर कलमं काढली, ती सगळी गाळाखाली गेली. दोन दिवसांनी पूल मोकळा झाला आणि धाकटी पोचली, तेव्हा मामा एका बुंध्याशी उकिडवा बसून बोटांनी चिखल बाजूला करत होता. ती त्याच्या शेजारी बसली आणि तिनेही चिखलात हात घातले. मामाने तिच्याकडे बघितलं. "तू जेवलीस का?" एवढंच विचारलं.

चौकशी शहरात झाली, विभागाच्याच मोठ्या सभागृहात. अध्यक्षबाई दुसऱ्या खात्यातून आल्या होत्या. खालच्या आळीतली माणसं मागच्या रांगांत बसली होती. मामा आणि मामी कडेला. धाकटीने रात्रभर घोकून ठेवलं होतं काय काय सांगायचं ते. पण तिथे सांगायला कुणी सांगतच नाही, नुसतं विचारतात.

आधी सर बोलले. शांतपणे, न अडखळता, आवाज न चढवता, वर्गात बोलायचे तसेच. शहराची गरज सांगितली, जबाबदारी आपली आहे असंही म्हणाले. मग म्हणाले, "पण तांत्रिक बाजू मॅडमची होती. भरलेल्या तळ्याने फरक पडत नाही असं मॅडमनी मला सांगितलं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला."

इतक्या वर्षांत सरांनी तिला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. तिला आधी कळेचना की ते कुणाबद्दल बोलतायत.

भरलेल्या तळ्याचं गणित तुम्ही केलं होतं का, अध्यक्षबाईंनी विचारलं. ती म्हणाली, हो, पण नेहमीच्या पावसाचं. मोठ्या पावसाला ते लागू नाही, असं तुम्ही कळवलं होतंत? कळवायची गरज नव्हती, ती म्हणाली, सरांना ते माहीत आहे, त्यांनीच मला शिकवलंय. मागे कुणीतरी हसलं. बाईंनी पुन्हा विचारलं, कळवलं होतं की नाही? नाही. तळं भरलंय हे तुम्हाला वादळाच्या आदल्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं? नाही. तुमचं स्वतःचं गाव आहे ना ते? हो. गेल्या दोन वर्षांत तळ्यावर किती वेळा गेलात?

धाकटीने मान खाली घातली. एकदाही नाही, असं ती म्हणाली ते बाईंना ऐकू गेलं नाही. मोठ्याने पुन्हा म्हणावं लागलं.

"हे गणित करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"सरांनी. माझ्या टेबलाशी येऊन. चहा घेऊन आले होते."

बाईंनी सरांकडे बघितलं. सरांनी धाकटीकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत तिला तीच माया दिसली, पहिल्या परीक्षेला तिचा पेपर कोरा राहिला तेव्हा दिसली होती ती. तिला वाटलं, आता हे सांगतील.

"मला आठवत नाही," सर म्हणाले.

बाहेर जिन्यात गर्दी होती. माणसं तिच्याकडे न बघता बाजूने उतरत होती. पोस्टमन तेवढा थांबला आणि मान हलवून गेला. मामा-मामी शेवटी आले. ती पुढे झाली. "मामा, मी तुला सांगणार होते, त्या दिवशी फोनवर..."

"तुमची काही चूक नाही, मॅडम," मामा म्हणाला. "माणूस आपल्या साहेबाचंच बघणार. आम्ही चार लोकांत तुमच्या भरवशावर बोललो, ती आमची चूक."

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. तो कचेरीत आलेल्या माणसासारखा बोलत होता, अदबीने, थोडा वाकून. मामीने डोळ्यांना पदर लावला आणि त्याच्यामागून उतरली. पायऱ्या संपेपर्यंत तिने दोनदा वळून बघितलं. मामाने बघितलं नाही.

अहवालात कुणालाच दोषी धरलं नाही. गणिताच्या मर्यादा नीट लक्षात घेतल्या गेल्या नाहीत, असं काहीतरी त्यात होतं. धाकटीची बदली झाली, तळघरातल्या विभागात, जिथे जुन्या पर्जन्यमापकांची दुरुस्ती चालते. काम वाईट नव्हतं. पत्र्याच्या नळकांड्यातला गंज खरवडायचा, झाकण नीट बसतं का बघायचं. वर्ष संपायच्या सुमारास सर वेळेवर, मानाने निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम तिच्या डोक्यावरच्याच सभागृहात होता. तिलाही बोलावणं होतं, दोन शब्द बोला असा आग्रह होता. ती गेली नाही. खाली बसून नळकांडं पुसत होती तेव्हा वरून टाळ्यांचा आवाज आला. बराच वेळ चालला. ओल्या छपरावर पावसाची सर आल्यासारखा.

गावकऱ्यांनी मधल्या काळात एक केलं. एका रविवारी सगळे मिळून तळ्यावर गेले, लोखंडी दार चाकासकट उखडलं आणि जलविभागाच्या कचेरीच्या दारात आणून ठेवलं. विभागाने ते मुकाट्याने गोदामात टाकलं. तळं पुन्हा कोरडं झालं. हे तिला मामीने सांगितलं. मामी मधूनमधून चोरून फोन करायची. तो जेवतो, ती सांगायची. झोपतोही. तुझं नाव निघालं की उठून बाहेर जातो. वेळ दे त्याला.

धाकटी वेळ देत राहिली. दुसरं देण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं.

मग एकदा मामीचा फोन आला, की त्याला काहीतरी विचारायचंय, येशील का? स्वतः का नाही विचारत, असं धाकटीच्या मनात आलं, पण ते तिने तिथेच ठेवलं.

मामा थांब्यावर उभा होता. खांद्यावर लाकडी खुंट्यांचा भारा, हातात हातोडी, खिशातून सुतळीचं टोक बाहेर आलेलं. वर्षभरात त्याचे खांदे उतरले होते. "या," तो म्हणाला. प्रवास बरा झाला ना, असंही विचारलं. मग तो पुढे आणि ती मागे, असे दोघे तळ्याच्या वाटेला लागले.

खोलगटात गवत माजलं होतं. त्यातून ओढा आपला बोटभर वाहत होता. तिने ही जागा संगणकात इतक्या वेळा पाण्याखाली घातली होती की नुसती अशी, उन्हात पडलेली, ती तिला ओळखूच येईना. काठाच्या वरचा उतार अजून मामाचाच होता. तिथे पोचल्यावर त्याने भारा खाली टाकला.

"इथं झाडं लावायची म्हणतोय. मोठी, खूप वर्षं राहणारी. त्या वादळासारखं पाणी पुन्हा आलं, तर ते कुठवर चढेल, एवढं सांगता येईल का तुम्हाला?"

"येईल," ती म्हणाली. मग म्हणाली, "तळं रिकामं असलं तर."

"ते रिकामंच राहील. ते आम्ही बघतो आता."

तिने बांधाकडे बघितलं, समोरच्या काठाकडे बघितलं, आणि उतारावर चढत गेली. एका जागी थांबली, पुन्हा खाली बघितलं, आणखी दोन पावलं वर गेली. "इथवर. याच्या खाली नको."

"नक्की ना?"

"नक्की, मामा."

मामाने तिच्या पायाशी खुंटी रोवली आणि हातोडीचे घाव घातले. ती त्याच उंचीने पुढे चालत गेली आणि थांबली. तोही आला. दुसरी खुंटी ठोकली. असं ते सगळ्या उतारावरून गेले, वळणाला वळण घेत. ती थांबायची तिथे तो ठोकायचा. तो पुन्हा काही विचारत नव्हता, पडताळून बघत नव्हता. एकदा खुंटी खडकावर लागली तेव्हा त्याने नुसतं तिच्याकडे बघितलं. ती तसूभर वर सरकली. त्याने तिथे ठोकली.

शेवटच्या खुंटीपाशी त्याने खिशातून सुतळी काढली आणि टोक तिच्यापुढे धरलं.

"एवढं धरता का?"

तिने धरलं. मामा सुतळी सोडत पाठमोरा चालत गेला, खुंटीखुंटीला वेढा देत, आणि लांब, वळणापलीकडे दिसेनासा झाला. मग तिकडून त्याने सुतळी ओढली. तिने टोक हाताला गुंडाळून घेतलं आणि ताण धरून उभी राहिली, त्याचं बांधून होईपर्यंत.